परदेशी गेलेल्या पूर्वजाचं सेवापुस्तक कसं भरायचं

सगळ्यात आधी ‘इंजिनियर’ हा शब्द बाजूला ठेवा. घरात तो तीन पिढ्या फिरलेला असतो आणि दर पिढीत माणसाला एक बढती मिळालेली असते. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आमचे ‘आफ्रिकेचे आप्पा’, आजोबांच्या तोंडी नुसते ‘रेल्वेत कामाला’ होते. वडिलांच्या पिढीत ते इंजिनियर झाले. माझ्या चुलतभावाने तर मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगताना त्यांच्याकडून नाईलवरचा पूलसुद्धा बांधून घेतला.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत झाली, म्हणजे हयात दुसऱ्यांची सेवापुस्तकं भरण्यात गेली. रुजू दिनांक, पदनाम, बदली, रजा, वेतनवाढ आणि शेवटी निवृत्ती नाहीतर मृत्यू. प्रत्येक नोंदीपुढे आदेशाचा क्रमांक आणि साहेबाची सही. आदेश नसेल तर नोंद नाही, मग तो माणूस कितीही शपथेवर सांगो. आप्पांचं आयुष्य मी याच शिस्तीने लावत गेले आणि परदेशी गेलेल्या कोणत्याही नोकरदार पूर्वजाला ही रीत चालावी.

एक जाड रजिस्टर घ्या. रकाने आखा: तारीख, ठिकाण, हुद्दा, पगार किंवा पाठवलेला पैसा, कोणत्या कागदावरून. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा: हा कागद कोणी लिहिला आणि कोणासाठी. लोक नेमका हाच गाळतात. सोयरिकीसाठी लिहिलेलं पत्र, सावकाराला लिहिलेलं पत्र आणि साहेबाला केलेला अर्ज यांत एकच माणूस एकाच वर्षी तीन वेगवेगळे पगार सांगतो. तिन्ही कागद अस्सल असतात.

आधी हुद्दा, मग माणूस

युगांडा रेल्वेचं काम मोंबासापासून १८९६ मध्ये सुरू झालं. १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोचले आणि १९०१ च्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, म्हणजे आजच्या किसुमूला. या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. ते बहुतेक पंजाबातले, कराचीच्या बंदरातून गेलेले. अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. मराठी माणसं त्यांत फार थोडी. आपली माणसं गेली ती बहुधा नंतर, मुंबईहून, स्वतःच्या नाहीतर उसन्या पैशाने तिकीट काढून. त्यामुळे गिरमिटियांच्या नोंदवह्यांत दिवस घालवू नका. करारावर गेलेला मजूर तिथे सापडेल, तिकीट काढून गेलेला ड्राफ्ट्समन सापडणार नाही.

या रेल्वेत आणि वसाहतीच्या इतर खात्यांतही पगाराच्या श्रेण्या वर्णावर होत्या. गोऱ्यांची एक, आशियाईंची दुसरी, आफ्रिकनांची तिसरी. इंजिनियर हे पद सहसा पहिल्या श्रेणीतलं. थिओडोलाइट (मोजणीची दुर्बीण) लावून वळण आखणारा, भरावाची मापं घेणारा, मजुरांचं मस्टर सांभाळणारा आपला माणूस यादीत ओव्हरसियर, सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन, पर्मनंट वे इन्स्पेक्टर (रुळांची देखभाल बघणारा) अशा नावांखाली असतो. गॅझेटात आणि स्टाफ लिस्टमध्ये ‘इंजिनियर’च्या पानांवर त्याला शोधत बसलात तर तो तिथे गेलाच नव्हता असं वाटेल.

आप्पा ओव्हरसियर होते. हे कळल्यावर आमच्या आत्याचा चेहरा उतरला. “म्हणजे मुकादम?” आपल्या पीडब्ल्यूडीतला कालचा ओव्हरसियर म्हणजे आजचा कनिष्ठ अभियंता, हे तिला सांगितल्यावर चहा आला.

घरातले कागद, आणि कोणाच्या घरातले

माणसं कागदांच्या आधी गाठा, कारण कागद थांबतात. म्हाताऱ्या माणसाला “आप्पा कोणत्या साली गेले?” असं विचारलं की ती अंदाजाने एक साल देतात आणि मग त्यालाच चिकटून बसतात. त्याऐवजी विचारा, प्लेगच्या आधी की नंतर? इन्फ्लुएंझाच्या साथीत ते इथे होते का? थोरल्या आत्याच्या लग्नात मांडवात होते का? तुमची मुंज त्यांच्या देखत झाली का? १८९६ चा मुंबईचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा हे घरोघरी पक्के खुंटे आहेत. लग्नाची तारीख तर बायका विसरतच नाहीत.

दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक ब्राह्मण घरांत पुढे एक अडचण येते. १९४८ च्या जाळपोळीत वाडे गेले, कागद गेले. आमचंही तेच. तेव्हा वाड्याचा नाद सोडा आणि त्या घरातून दिलेल्या मुलींची यादी करा. मुली सासरी जाताना पत्रिका नेतात, माहेरची पत्रं जपतात, आणि भावाचा आफ्रिकेतला फोटो भिंतीवर लावतात. आप्पांची बहुतेक पत्रं मला त्यांच्या बहिणीच्या नातवाकडे कोल्हापूरला मिळाली. वाड्यातली एकही उरलेली नाही.

पत्रांवर तारीख नसेल तर पाकीट बघा. १९०३ पासून तिकिटांवर ‘ईस्ट आफ्रिका अँड युगांडा प्रोटेक्टोरेट्स’ असं असे, १९२२ पासून ‘केनिया अँड युगांडा’, आणि १९३५ पासून त्यात टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, जोडलं गेलं. कोणा काकांनी तिकीट जमवण्याच्या नादात कोपरा कापून नेलेला असेल तर पाकीट उलटं करा, मागे आपल्याकडच्या पोस्टाचा पोचेचा शिक्का असू शकतो. चलनही तारीख सांगतं. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता, मग थोडा काळ फ्लोरिन आला आणि त्यानंतर शिलिंग. पगार शिलिंगात लिहिलेलं पत्र पहिल्या महायुद्धातलं असणं शक्य नाही.

जमाखर्चाची वही सापडली तर ती पत्रांपेक्षा किमती समजा. पत्रात माणूस खुशाली कळवतो, वहीत पैसे दिसतात. आमच्या आजोबांच्या वहीत ‘आफ्रिकेहून आले’ अशी ओळ दर दोन-तीन महिन्यांनी येते. जिथे ही ओळ गायब होते तिथे काहीतरी घडलेलं असतं. आप्पा रजेवर घरी आलेले असतात, नाहीतर आजारी, नाहीतर नोकरी गेलेली. आधी हे खंड रजिस्टरात मांडा आणि मग त्याच महिन्यांची पत्रं वाचा. वही मोडीत असेल तर घाबरू नका. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारलाय खरा, पण जमाखर्चाची मोडी पेशवाईतल्या पत्रांपेक्षा सोपी असते. तेच तेच शब्द येतात, आणि पंधरा दिवसांच्या सरावात ‘आले’, ‘दिले’, महिना आणि रक्कम एवढं आपलं आपल्याला लागतं.

पासपोर्ट हाती लागला तर फोटो बघून ठेवून देऊ नका. इंडियन एम्पायरच्या पासपोर्टात राष्ट्रीयत्वाची ओळ नीट वाचा. इंग्रजी मुलखात जन्मलेला माणूस ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ असे, संस्थानातला ‘ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन’. सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर, बडोदा यांच्याकडच्यांना ही ओळ फार उपयोगी, कारण त्यावरून जन्मगाव कोणाच्या हद्दीत होतं ते ठरतं आणि जुने दप्तर कुठे शोधायचं तेही.

पत्रिका म्हणजे फुकटचा जन्मदाखला

पत्रिकेत शके, मास, तिथी, वार, नक्षत्र, घटी-पळे सगळं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातल्या जन्माला ७९ मिळवावे लागतात. आप्पांची पत्रिका शके १८११ माघ शुद्ध अशी आहे, म्हणजे १८९० चा जानेवारी-फेब्रुवारी. वार जुळतो का ते जुन्या पंचांगावरून ताडून बघा. वार जुळला तर तारीख पक्की समजा.

काशी-प्रयागच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांतल्या नोंदी वापरताना सावध. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. तिकडच्या नोंदीतला चैत्र वद्य म्हणजे आपला फाल्गुन वद्य. वर तिथे विक्रम संवत असणार. एवढ्याने माणूस वर्षभर इकडे-तिकडे होतो.

आता या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट. आप्पांच्या पत्रिकेतून त्यांचा जन्म कळला, पण त्यांची नोकरी कळली ती त्यांच्या मुलांच्या पत्रिकांमधून. रेल्वे बांधणारा माणूस रुळाच्या टोकाबरोबर पुढे सरकतो, आणि बायको सोबत असेल तर मुलं त्या त्या टोकाला जन्मतात. थोरल्याचा जन्म केनियातल्या नाकुरूचा. दुसऱ्याचा त्याच्या पुढच्या एल्डोरेटचा. धाकटीचा टोरोरोचा, म्हणजे थेट युगांडात. मी नकाशा काढून बसले. नाकुरूहून निघालेला फाटा १९२४ मध्ये एल्डोरेटला पोचला होता आणि तोच पुढे टोरोरोवरून १९३१ मध्ये कंपालापर्यंत गेला. तीन बाळंतपणांनी आप्पांच्या बदल्यांचे आदेश काढून दिले होते.

अशा परदेशी जन्माच्या पत्रिकेत जोशीबुवांनी जन्मस्थळ नुसतं ‘आफ्रिका’ असं लिहिलेलं असलं तरी हिरमुसू नका. जन्माची वेळ आणि गाव कळवणारं पत्र बोटीने आलेलं असतं आणि ते बहुधा पत्रिकेच्याच गुंडाळीत घालून ठेवलेलं असतं. गुंडाळी शेवटपर्यंत उलगडा.

जमीन कधी विसरत नाही

माणूस देश सोडतो, पण सात-बारावरचं नाव सोडत नाही. तलाठ्याकडची फेरफार नोंदवही, गाव नमुना ६, ही माझ्या मते परदेशी गेलेल्या माणसाची सर्वांत विश्वासू चरित्रकार आहे. वारसनोंदीत मृत्यूची तारीख येते, वारसांची नावं येतात, काही वेळा त्यांची वयं आणि राहण्याचं ठिकाणही. जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन झालेत आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. गट नंबर आजचा असतो, जुन्या नोंदी सर्व्हे नंबरवर असतात, म्हणून आधी दोन्हींचा मेळ घालून घ्या.

गहाणखतं मुद्दाम शोधा. बोटीचं भाडं, वरखर्च, बायकोपोरांची सोय, यासाठी निघण्याआधी जमीन गहाण पडलेली असते. आप्पांचं प्रस्थान घरात कोणी १९१० सांगत होतं, कोणी १९१४. दुय्यम निबंधकाकडचं गहाणखत १९१२ चं निघालं आणि कारण ‘परदेशगमनाकरिता’ असं स्वच्छ लिहिलेलं. ते कर्ज फिटल्याची नोंद कधीची हेही बघा. तिकडे पैसा कधी सुटायला लागला ते त्यातून समजतं.

शिक्षणाच्या कागदांत संस्थांची नावं बदललेली असतात हे लक्षात ठेवा. पुण्याचं आजचं सीओईपी १८५४ मध्ये एक छोटा वर्ग म्हणून सुरू झालं आणि पुढे बराच काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होतं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधला ‘व्हीजे’ १९९७ पर्यंत व्हिक्टोरिया ज्युबिली होता. बडोद्याचं कलाभवन १८९० चं, आणि तिथून शिकून बाहेर पडलेली मराठी मुलं खूप. पदवीधर असेल तर मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत, म्हणजे वार्षिक पुस्तकांत, एलसीईच्या (तेव्हाची सिव्हिल इंजिनियरिंगची पदवी) यादीत त्याचं नाव वर्षासकट छापलेलं असतं. पदवी नसेल तर शाळेचं जनरल रजिस्टर. तिथली जन्मतारीख मात्र पत्रिकेपुढे ठेवून बघा. आपल्या मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलंय.

तिकडचे कागद, इथे बसून

आता नावाचा घोळ. घरात माणूस आडनावाने ओळखला जातो, पण तिकडच्या कारकुनाने पहिलं आणि वडिलांचं नाव घेऊन आडनाव सोडून दिलेलं असू शकतं. आप्पा निम्म्या ठिकाणी वडिलांच्या नावाखाली आहेत. स्पेलिंगची तर मौजच. व ला व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की दोन ई, मध्ये एच आहे की नाही, अशी सगळी रूपं रजिस्टराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि एकेक टाकून बघा. नाव सापडतच नसेल तर स्टेशन आणि हुद्दा टाका.

केनियाचं सरकारी गॅझेट १८९९ पासून निघतं आणि त्याचे अंक गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात. त्यात नेमणुका तर आहेतच, पण मृतांच्या मालमत्तेच्या नोटिसा त्याहून कामाच्या. कोण, कुठे, कोणत्या तारखेला वारला आणि वारसपत्रासाठी कोणी अर्ज केलाय, एवढं एका परिच्छेदात मिळतं. शोधताना तेव्हाची नावं वापरा. १९२० पर्यंत तो ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेट होता, मग केनिया कॉलनी. किसुमूचं नाव आधी पोर्ट फ्लॉरेन्स, आणि १९०२ पर्यंत ते युगांडात मोडत होतं. रेल्वेही युगांडा रेल्वे, मग केनिया अँड युगांडा रेल्वे, मग १९४८ पासून ईस्ट आफ्रिकन रेल्वेज अँड हार्बर्स. ‘केनिया रेल्वे’ असं शोधाल तर आप्पांच्या पिढीचं काही हाती येणार नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येतं. परदेशातल्या हिंदी लोकांच्या तक्रारी, अर्ज, पगारातला भेदभाव यांच्या फायली तिथे आहेत. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये वसाहत खात्याचा केनियाशी झालेला पत्रव्यवहार सी.ओ. ५३३ या मालिकेत आहे. तिथल्याच जहाजांच्या प्रवासी याद्या ब्रिटनच्या बंदरांपुरत्या असतात, तेव्हा मुंबई-मोंबासा प्रवासासाठी त्या उघडू नका. पूर्वज विलायतेला शिकायला किंवा रजेवर गेला असेल तरच. आणि तो खरोखरच इंजिनियर असेल, तर लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्सचे १९३० पर्यंतचे सभासदत्वाचे अर्ज सोन्यासारखे. जन्म, शिक्षण, कोणाच्या हाताखाली कोणतं काम केलं, सगळं त्याने स्वतः भरलेलं असतं. नैरोबीला कोणी ओळखीचं असेल तर तिथलं नॅशनल आर्काइव्हज गावाच्या मध्यावर, जुन्या बँक ऑफ इंडियाच्या इमारतीत आहे, आणि रेल्वेचं स्वतःचं संग्रहालयही आहे.

शेवट शोधायला मात्र नाशिकला जा. अस्थी रामकुंडावर आल्या असतील तर तीर्थपुरोहिताच्या वहीत नोंद असते. गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याची वही काढतात. फोटो काढू देतील न देतील, उतरवून घ्यायला वही-पेन न्या, आणि दक्षिणा द्या. कोण आलं होतं, कोणत्या गावाहून, कोणाच्या नावाने, हे सगळं टिपा. वहीत जे आहे ते आलेल्या नातेवाइकाने सांगितलेलं आहे, हे शेवटच्या रकान्यात लिहायला विसरू नका.

कागद भांडले तर

भांडणारच. ऑफिसात आम्ही एकच नियम पाळायचो: घटनेच्या सर्वांत जवळ लिहिलेला आणि लिहिणाऱ्याचा त्यात काही फायदा नसलेला कागद वर. म्हणून जन्माला पत्रिका, मग शाळा, मग नोकरी. नोकरीतलं वय कमी केलेलं असतं, निवृत्ती लांबावी म्हणून. पगाराला जमाखर्च, मग पत्र. मृत्यूला गॅझेट, मग फेरफार.

तोंडी गोष्टींना बाहेरच्या पक्क्या तारखा लावून बघा. आमच्या एका काकांना आठवतं की आप्पांचा मुलगा दुसरी लढाई (दुसरं महायुद्ध) संपायच्या सुमारास ‘करंजा’ बोटीने आला आणि काका त्याला मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर आणायला गेले होते. ‘करंजा’ नावाच्या बी.आय. (ब्रिटिश इंडिया) या बोट कंपनीच्या बोटी दोन. पहिली लढाईच्या कामाला घेतली होती आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बुडाली. दुसरी चालू झाली १९४८ मध्ये. म्हणजे एकतर बोट वेगळी किंवा साल वेगळं. मी रजिस्टरात दोन्ही शक्यता लिहून समोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवलंय. पेन्सिलचं प्रश्नचिन्ह ही लाजेची गोष्ट नाही. शाईने लिहिलेली थाप ही आहे.

नाईलचा पूल? युगांडातल्या जिंजाचा नाईलवरचा रेल्वे पूल १९३१ चा. आजोबांच्या वहीत ‘आफ्रिकेहून आले’ ही ओळ शेवटची दिसते ती १९२९ च्या दिवाळीला, आणि पुढच्या चैत्रात आप्पांच्या नावे गावी विहिरीचा खर्च पडलाय. ते तेव्हा घरी होते. चुलतभावाला मी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं म्हणणं, पाया तरी घातला असेल. शेवटच्या रकान्यात मी लिहिलंय: सांगणारा चुलतभाऊ, ऐकणारे व्याही.

फोटोंचं एवढंच. पुठ्ठ्यावर खाली किंवा मागे स्टुडिओचं नाव छापलेलं असतं, ते आधी वाचा. झांझिबारला गोव्याच्या ए. सी. गोम्स यांचा स्टुडिओ प्रसिद्ध होता आणि मोंबासाच्या बोटी झांझिबारलाही लागत. पाठीमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेन नको. पत्रं सहाशे डीपीआयला स्कॅन करा, पाकिटाच्या दोन्ही बाजूंसकट, आणि प्रती निदान दोन घरांत ठेवा, त्यातलं एक सासरी गेलेल्या मुलीचं. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पत्रिकेला लॅमिनेशन करू नका.